खोलीचें भाडें आणि पावती

जून लागला कीं खानदेशांतल्या खेड्याखेड्यांतून पोरें जळगांव-धुळ्याच्या वाटेस लागतात. कोणी कॉलेजांत जातो, कोणी डाळमिलींत, कोणी सुतारकामास. घरमालक म्हणतो, "अनामत ठेवा, पहिल्या तारखेस भाडें द्या." बाप नोटा मोजून देतो आणि एस.टी.नें परत येतो. कागद नाहीं, पावती नाहीं. बैल घेतांना दांत पाहणारा आमचा शेतकरी येथेंच इतका भोळा कां होतो?

आम्हीं चौथीपर्यंत शिकवलेला एक मुलगा असाच शहरांत राहिला. मे महिन्यांत भाडेवाढीवरून तंटा झाला आणि मालकानें खोलीची वीज तोडली. खानदेशचा मे म्हणजे पत्र्याखालीं भट्टीच. तीन रात्रीं पोरगें गच्चीवर निजलें. चौथ्या दिवशीं अनामत सोडून गांवीं आलें. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा, ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २९ अन्वयें सबळ कारणावांचून भाडेकरूची वीज-पाणी तोडतां येत नाहीं, व कोर्टांत अर्ज करून तीं पुन्हां सुरू करून घेतां येतात, हें त्यास कोणी सांगितलेंच नव्हतें. (आम्हींही शिकवलें नव्हतें.) भाडें घेतांच पावती देणें हें मालकाचें कर्तव्य. करार लेखी असून नोंदवलेला पाहिजे, आणि नोंदवण्याची जबाबदारीही मालकाचीच. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा करार नसेल तर अटींविषयीं भाडेकरू सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरतात.

१८१९ सालीं कॅप्टन ब्रिग्जनें नवें धुळें वसवतांना घरासाठीं जागा कायमच्या बिनभाड्यानें दिल्या, वर बांधावयास उचलही दिली. तो काळ गेला.

पण आमचे कित्येक वाचक आतां स्वतःच मालक आहेत. जळगांवच्या कडेला प्लॉट घेऊन बांधलेल्या दोन खोल्यांवर एखाद्या विधवेची भाकर चालते. तिचें भाडें थकवणारा, तिला न विचारतां भिंत फोडून दार काढणारा, किंवा खोली परस्पर दुसऱ्यास देणारा भाडेकरू आमच्या गांवचा असला तरी आम्ही त्याची बाजू घेणार नाहीं. कायदाही घेत नाहीं. मात्र भाडें थकलें म्हणून तिनें त्याचें सामान रस्त्यावर फेकूं नये. लेखी नोटीस द्यावी. नव्वद दिवस गेल्यावर दावा लावतां येतो.

अकरा महिन्यांचा "लिव्ह अँड लायसन्स" मात्र निराळा. तेथें मुदत संपतांच जागा सोडावी लागते. न सोडल्यास दुप्पट रक्कम भरावी लागते. तेव्हां सही किंवा अंगठा करण्यापूर्वीं कागद कोणता तें पाहा. वाचतां येत नसेल तर शाळा सुटल्यावर आम्ही असतोंच. घेऊन या, वाचून दाखवूं.