राबलेल्या दिवसांचा पगार कुणाच्या बापाचा?

मालकाला माणूस काढायचा असला की एक फोन पुरतो. उद्यापासून येऊ नको. बस्स. पण आपल्या पोरानं सोडतो म्हटलं की लगेच कागद निघतो. अपॉइंटमेंट लेटर, कलम अमुक, नोटीस एक महिना. नोटीस भरली नाहीस? मग महिन्याचा पगार विसर. आणि हा पगार म्हणजे राबून झालेल्या दिवसांचा, हां! भीक नव्हे.

कुणाच्या नरडीला लागतं हे? वॉचमन, हाउसकीपिंगवाली, वॉर्डबॉय, गोदामात खोकी उचलणारा. सगळे कंत्राटदाराच्या हाताखालचे. त्यात आपले किती, ते गेटवर उभं राहून आडनावं विचारा. सुपरवायझर अंगचटीला येतो म्हणून पोरगी कामावर जायची थांबते. तिनं आणखी तीस दिवस त्याच्याच नजरेखाली फरशी पुसायची? जातीवरून शिवी खाल्लेल्यानं महिनाभर ती गिळत बसायची? कापला जातो तो इज्जत राखल्याचा दंड.

आपल्याला हे नवं नाही. महारवतन म्हणजे काय होतं? राजीनामा नसलेली नोकरी. वतनदार आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्यानं टपाल घेऊन पळायचं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्यावर बिल आणलं; वतनं कायद्यानं मोडायला १९५८ उजाडलं. इंग्रजानंही तेच केलं. १८५९ च्या कायद्यानं उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होती. तो कायदा रद्द करायला १९२५ साल लागलं. आणि १९३८ साली संपाला गुन्हा ठरवणारं बिल आलं तेव्हा बाबासाहेब असेंब्लीत उभे राहिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं : माणसाला मनाविरुद्ध राबायला लावणं म्हणजे गुलामी. नोकरीचा करार मोडणं हा दिवाणी मामला आहे, गुन्हा नव्हे. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्या बिलाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला.

आता आजचा कायदा बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली. या लेबर कोडांवर आपले हजार आक्षेप आहेत. पण मालक जे दाबून ठेवतात ते सांगितलंच पाहिजे. पगारातून काय काय कापता येतं त्याची यादी कलम १८ मध्ये आहे. यादीबाहेर कापायची सोय नाही. नोटिशीबद्दलची कपात कलम २० मध्ये येते, ती अशी : दहा किंवा जास्त कामगारांनी संगनमतानं, नोटीस न देता, सबळ कारणाशिवाय काम सोडलं तर. तीही जास्तीत जास्त आठ दिवसांच्या पगाराची. १९३६ च्या पगार कायद्यातही हेच होतं. एकट्यादुकट्यानं काम सोडलं म्हणून राबलेला अख्खा महिना गिळा, असं त्यात कुठं लिहिलंय? उलट राजीनामा दिल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करा, असं कलम १७ सांगतं.

शहाणे विचारतील, सही केलीस ना? केली. पोट हातावर असलेला माणूस कोऱ्या कागदावरही सही करतो. मालकाचं नुकसान झालं? मग त्यानं कोर्टात जावं. १८७२ च्या करार कायद्याखाली वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते, करारात कितीही आकडा लिहिलेला असो. २०२५ साली सुप्रीम कोर्टानं एका बँक अधिकाऱ्याचा दोन लाखांचा बॉण्ड वैध धरला, तो निकाल आता हे लोक नाचवतील. पण तो तीन वर्षं नोकरी करण्याचा बॉण्ड होता. केलेल्या कामाचा पगार दाबायचा परवाना त्यातून मिळत नाही.

तेव्हा दोस्तहो, गप घरी बसू नका. राजीनामा लेखी द्या, कारण लिहा, फोटो काढून ठेवा. हजेरी, बँकेची नोंद, मेसेज जपा. पगार अडला तर संहितेच्या कलम ४५ खाली अर्ज करा. मुदत तीन वर्षांची आहे. अडवलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. एकट्याला भीती वाटते? युनियनलाही तुमच्या वतीनं अर्ज करता येतो. प्रत्येक वस्तीतल्या शाखेनं अशा केसेसची वही ठेवावी. भाषणं पुष्कळ झाली.

काम सोडता येतं तो कामगार. ज्याला सोडता येत नाही त्याला काय म्हणतात, ते आपल्या बापजाद्यांना नीट माहीत होतं.