उसन्या प्रतिकारशक्तीवरील आक्षेप

ज्या मुलाचे शरीर जन्मतःच प्रतिपिंडे निर्माण करू शकत नाही, त्याला दात्यांच्या रक्तद्रवातून वेगळे काढलेले इम्युनोग्लोब्युलिन दर तीन-चार आठवड्यांनी शिरेवाटे देण्याची जी उपचारपद्धती आहे, तिच्याविरुद्ध सुशिक्षित घरांतूनही मोठ्या आत्मविश्वासाने एक हरकत घेतली जाते : ही शक्ती उसनी, हिने शरीर परावलंबी होते, त्यापेक्षा काढे, रसायने आणि सकस आहार यांनी स्वतःची शक्ती वाढवावी.

हरकत बाणेदार आहे खरी. परंतु वाढवायचे ते मुळात थोडे तरी असावे लागते. १९५२ साली ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकन लष्करी डॉक्टराने, न्युमोकॉकस जंतूंच्या संसर्गाने वारंवार मरणाच्या दारी जाणाऱ्या आठ वर्षांच्या एका मुलाचे रक्त तपासविले, तेव्हा त्यात गॅमा ग्लोब्युलिन आढळेना, आणि त्याच जंतूंविरुद्धची लस टोचूनही प्रतिपिंडे उत्पन्न होईनात. या व्याधीचे मूळ असलेला जनुकदोष १९९३ मध्ये सापडला. त्याच्यामुळे बी पेशी परिपक्वच होत नाहीत. पेरणीच झाली नाही त्या शेतात खत टाकून काय उगवणार? ब्रूटनने दर महिन्यास दुसऱ्यांच्या रक्तातील गॅमा ग्लोब्युलिन टोचण्यास आरंभ केला, आणि ती जीवघेणी आजारपणे थांबली.

शिवाय उसनेपणाची एवढी लाज वाटणाऱ्यांनी निसर्गाचा दाखला पाहावा. आईची प्रतिपिंडे वारेतून घेऊनच अर्भक जन्माला येते. या व्याधीची मुलेदेखील पहिले काही महिने धडधाकट दिसतात ती याच ठेवीवर, आणि ठेव सरली की कान फुटणे, न्युमोनिया यांची रांग लागते. सर्पदंश झालेल्यास घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडे देताना मात्र स्वावलंबनाचे प्रवचन कोणी झोडीत नाही!

परक्या रक्तातून रोग येईल, ही दुसरी भीती निराधार नव्हती. १९९४ च्या सुमारास अमेरिकेत अशाच एका औषधातून हेपॅटायटिस सी पसरला. विषाणू निष्प्रभ करण्याच्या प्रक्रिया त्यानंतर अधिक कडक झाल्या.

खरी अडचण निराळीच आहे. दिलेली प्रतिपिंडे सुमारे तीन आठवड्यांत निम्मी होतात, म्हणून उपचार आजन्म. आणि मात्रा वजनावर, किलोमागे साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलास प्रत्येक खेपेस आठ ते बारा ग्रॅम लागतात, तोच चाळीस किलोंचा झाला की दुप्पट. म्हणजे औषध लागू पडून मूल बाळसे धरू लागले, की खर्चही त्याच्याबरोबर वाढतो. आक्षेपकांनी आपला आवेश या खर्चाविरुद्ध, आणि तोही त्या आईबापांपुढे नव्हे, सरकारदरबारी खर्ची घालावा.