आरोग्यचर्चा: दुबळा हात आणि दबलेली मान

पूर्णेहून आमच्या एका जुन्या वाचकांचें पत्र आलें आहे. वय ६२, पेन्शनर. तक्रार दिसावयास साधी: सदऱ्याचीं बटणें लागत नाहींत, संध्या करितांना पळींतलें पाणी सांडतें, आणि सही जुळत नाहीं म्हणून बँकेंतून दोनदां परतावें लागलें. हात दुखत मुळींच नाहीं. तेव्हां हें वयाचेंच, असें घरचीं माणसें म्हणतात. पत्राच्या शेवटीं सहज लिहिलेली ओळ मात्र आम्हांस अधिक महत्त्वाची वाटली. अंधारांत चालतांना पाय डगमगतात!

हात आणि पाय एकाच वेळीं कुरकुरूं लागले, म्हणजे दोहोंकडे जाणारे तंतु जेथें एकत्र असतात त्या मानेकडे पाहावें. पूर्णेकरांस हें सांगणें सोपें आहे. जंक्शनावर खोळंबा झाला कीं अकोल्याची गाडीहि अडते आणि नांदेडचीहि. वयपरत्वें मानेच्या मणक्यांमधील गाद्या झिजतात, हाडांना कंगोरे फुटतात, आंतील बंध जाड होतात आणि मधल्या नळींतील मज्जारज्जु दाबला जातो. वेदना नसूनहि बळ जातें, हीच यांतली फसगत.

जपानांतील डॉ. ओनो व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं याची एक सोपी परीक्षा वर्णिली. हात पालथा धरून १० सेकंदांत मूठ किती वेळां पूर्ण मिटतां-उघडतां येते तें मोजावें. निरोगी माणसास २० वेळां तरी साधतें. कमी भरल्यास रोग ठरलाच असें नव्हे. पण डॉक्टरांकडे जाण्यास तेवढें कारण पुरे.

आमची कळकळीची विनंती एवढीच कीं, न्हाव्याच्या खुर्चींत मान मोडून घेण्याची हौस असल्यास ती आजपासून सोडावी. दबलेला रज्जु अशा झटक्यानें कायमचा दुखावूं शकतो. गाडीनें नांदेडास जावें. तेथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे. मानेचा एमआरआय लागेल, तो डॉक्टर सांगतील. रक्तांतील बी-१२ हि तपासून घ्यावें, कारण आपल्या शाकाहारी घरांत त्याच्या उणिवेनेंहि पाय असेच डगमगतात. लघवीवरचा ताबा सुटूं लागला तर मात्र एक दिवसहि थांबूं नये.

दाब वाढता असल्यास शस्त्रक्रियेनें नळी मोकळी करितात. रोग पुढें सरकूं नये हा तिचा मुख्य हेतु. गेलेलें बळ पुष्कळदां कांहीं अंशींच परततें.

मुठी मोजून आंकडा आम्हांस अवश्य कळवावा. पत्राखालची सही वेडीवांकडी असली तरी आमच्याकडे चालते.