वीस गाठींची दोरी

फ्रान्समधील त्र्वा या गावी औषधविक्रीचे दुकान चालविणाऱ्या एमिल कुए नामक गृहस्थांच्या ध्यानात एक गोष्ट आली, ती अशी की, गिऱ्हाइकाच्या हाती बाटली देताना तिच्यातील औषधाच्या गुणाविषयी दोन चांगले शब्द सहज बोलले, तर तेच औषध मुकाट्याने दिलेल्या औषधापेक्षा अधिक लागू पडते. आपल्याकडील एखाद्या वैद्यबुवांनी ‘हातगुण’ म्हणून हा विषय हसत निकालात काढला असता. परंतु १८५७ साली जन्मलेले हे कुए चिकित्सक वृत्तीचे असल्यामुळे त्यांनी नान्सी येथील लिएबो या डॉक्टरांकडून संमोहनविद्येचे धडे घेतले, आणि पुढे त्याच शहरी वास्तव्य करून, रोग्यांकडून मोबदल्याची अपेक्षा न धरता, आपले ते सुप्रसिद्ध वाक्य शिकविण्यास प्रारंभ केला. आपण प्रतिदिनी सर्व बाबतींत उत्तरोत्तर सुधारत आहोत, अशा आशयाचे ते वाक्य सकाळी डोळे उघडताच आणि रात्री ते मिटण्यापूर्वी, ओठ हलतील इतपत आवाजात, वीस वेळा म्हणावयाचे. आणि मोजदादीत मन गुंतू नये म्हणून वीस गाठी मारलेली एक दोरी हाती धरावयाची, असा त्यांचा दंडक होता. १९२३ साली ते अमेरिकेस गेले, तेव्हा त्यांचे नाव त्यांच्या आधीच तेथे पोहोचले होते. ज्या देशात आज स्वयंसूचनांचा एवढा मोठा व्यापार चालतो, त्या देशाने ही दोरी एका फ्रेंच औषधविक्याकडून घेतली, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडील आज्या गोमुखीत हात घालून माळ ओढीत होत्या, हे आठवले की थोडी मौज वाटते.

कुए यांच्या शिष्यांपेक्षा कुए स्वतः अधिक सूक्ष्म होते. आपण कोणासही बरे करीत नाही, रोगी आपला आपणच बरा होतो, असे ते निक्षून सांगत. आणि इच्छाशक्ती व कल्पनाशक्ती यांचे भांडण लागले असता विजय हटकून कल्पनेचाच होतो, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त होता. जमिनीवर टाकलेल्या फळीवरून कोणीही बिनदिक्कत चालत जाईल. तीच फळी दोन उंच मनोऱ्यांच्या मधोमध टाकली, तर पाय दृढ आणि इच्छा प्रबळ असूनही चार पावले टाकवणार नाहीत, कारण कल्पनेने आपणास आधीच खाली पाडलेले असते. म्हणून ते वाक्य जोर लावून, दातओठ खाऊन म्हणू नये, लहान मुलाने पाढा घोकावा तसे निर्विकारपणे म्हणावे, असा त्यांचा आग्रह असे. आज जी वाक्ये भिंतीभिंतींवर दिसतात, त्यांतून नेमकी हीच अट गळून पडली आहे.

पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धापरीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या ज्या अभ्यासिका आहेत, त्यांपैकी एकीत माझा भाचा बसतो. त्याला घरचा डबा पोहोचविण्याच्या निमित्ताने मी तेथे गेलो असता, हातभर रुंदीच्या त्या कप्प्यात डोळ्यांसमोर चिकटविलेली एक चिठ्ठी पाहिली: ‘मी उपजिल्हाधिकारी आहेच!’ उद्गारचिन्ह दोनदा गिरविलेले होते. मागील तीन प्रयत्नांत पूर्वपरीक्षेच्या पायरीवरूनच परतलेला हा मुलगा रोज सकाळी त्या चिठ्ठीकडे पाहून नेमके काय ऐकत असेल, हा विचार मला जिना उतरेपर्यंत सोडीना. मन हे जुन्या कचेरीतील खवट कारकुनासारखे आहे. अर्ज कितीही सुवाच्य अक्षरात लिहिलेला असो, सोबत दाखला जोडलेला नसेल तर ते तो नामंजूर करते, आणि वर मागच्या सर्व नामंजूर अर्जांचे दप्तरही काढून दाखविते.

ही केवळ माझी कुरकुर नव्हे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना, ठरावीक वेळाने होणाऱ्या घंटेच्या नादासरशी, आपण प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहोत असे मनाशी म्हणावयास सांगितले होते. ज्यांना स्वतःविषयी मुळातच बरे मत होते, त्यांना त्याने किंचित अधिक बरे वाटले. ज्यांना ते नव्हते, म्हणजे ज्यांच्यासाठी ही वाक्ये छापली आणि विकली जातात, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांपेक्षा वाईट वाटले. ज्याची भूक मोठी त्यालाच बाधणारे हे अन्न आहे, आणि ते वाटणारे मात्र पंगतीत सर्वांच्या पानावर सारख्याच मापाने वाढीत सुटले आहेत.

मनाशी बोलण्याची याहून शहाणी वहिवाट आपल्या घरात होती. रामदासांचे दोनशे पाच मनाचे श्लोक तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर ज्यांनी म्हटले आहेत, त्यांना स्मरेल की तेथे मनाला ‘तू सिद्ध आहेस, तू यशस्वी आहेस’ असे एकदाही सांगितलेले नाही. सज्जन म्हणून समर्थ त्याला गोंजारतात खरे. पण गोंजारून होताच लगेच कामाला लावतात, हे सोड आणि ते धर असे बजावतात, प्रश्न विचारून कोंडीत पकडतात. आज्ञेला दाखला लागत नाही. ती खोटी ठरत नाही, फार तर मोडली जाते आणि उद्या पुन्हा करता येते. ‘मी शूर आहे’ या वाक्यावर संशय घेता येतो. ‘ऊठ’ या शब्दावर तो कसा घेणार?

मनाशी बोलण्याची दुसरी शहाणी रीत कृतज्ञतेची; तिला ‘मी शूर आहे’ या वाक्यासारखा दाखला शोधावा लागत नाही. तिचा पुरावा तिच्याबरोबरच येतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकन संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल आपण ऋणी आहोत अशा गोष्टी लिहिल्या, आणि दुसऱ्याने त्याच काळात जाचलेल्या गोष्टी लिहिल्या. त्यांत पहिल्या गटाचे समाधान अधिक दिसले, शारीरिक तक्रारीही कमी झाल्या. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना लाभ झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तो दिसला नाही. रोजचे आभार रोजच्या हजेरीपटासारखे कोरडे होतात, हे कोणत्याही शाळेतील प्रार्थनेच्या रांगेत उभे राहिलेल्याला सांगावे लागू नये. याहून मला महत्त्वाची वाटते ती मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली मांडलेली रीत: दिवसभरात बऱ्या झालेल्या तीन गोष्टी आठवडाभर रात्री लिहावयाच्या, आणि प्रत्येकीपुढे ती का घडली हेही लिहावयाचे. त्या एका आठवड्याचा परिणाम सहा महिन्यांनंतरही आढळला. सारी खुबी त्या ‘का’मध्ये असावी, असा माझा तर्क आहे, कारण ‘का’ विचारले की कोणाचा तरी हात दिसू लागतो.

असा हात ओळखणारी कृतज्ञता म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे होणारी खांदेमळणी. बैलांना न्हाऊ घालून, वर्षभर जू वाहून राठ झालेल्या त्यांच्या खांद्यांना तूप आणि हळद चोळतात, आणि उद्या जेवायला यावे असे रीतसर आवतण त्यांना देतात. झूल, गोंडे, शिंगांचा रंग ही शोभा दुसऱ्या दिवसाची. आदल्या सांजेला शेतकऱ्याचा हात थेट ओझे पडले त्याच जागेवर जातो. परवा पुन्हा तेच जू त्याच खांद्यावर येणार, हे बैल जाणत नसला तरी मालक जाणतो, आणि त्या हळदीत थोडा अपराधाचाही अंश मिसळलेला असतो असे मला नेहमी वाटत आले आहे. बाजारात मिळणाऱ्या सोनेरी कडांच्या कृतज्ञतावह्यांत ‘सूर्योदय’, ‘निसर्ग’, ‘आरोग्य’ असे शब्द भरतात, कारण त्यांपैकी कोणीही तगादा करीत नाही. माझ्या भाच्याला मी वही देणार असेन तर तिच्यात पहिले नाव त्याच्या खाणावळीतील मावशींचे असावे, ज्यांनी गेल्या पावसाळ्यात दोन महिन्यांची बाकी थकली असताना त्याचे ताट एकदाही अडविले नाही. तेवढ्या भरवशावर बसणारा मुलगा स्वतःला उपजिल्हाधिकारी म्हणवून घेतल्यावाचूनही पुस्तक उघडू शकतो.

अशा यादीचा जगातील उत्तम नमुना एका सम्राटाच्या हातचा आहे. इसवी सन १६१मध्ये रोमच्या गादीवर आलेल्या मार्कस ऑरेलियसने स्वतःसाठी म्हणून जी टिपणे लिहिली, त्यांचा पहिला भाग म्हणजे केवळ ऋणांची नोंद आहे, आणि ती युद्धावर असताना केलेली असावी. आजोबांपासून आरंभ करून आई, मास्तर, मित्र, दत्तक पिता आणि शेवटी देव, प्रत्येकाचे नाव आणि त्याच्यापुढे त्याच्यापासून मिळालेली नेमकी वस्तू. रथांच्या शर्यतीत हिरव्यांचा वा निळ्यांचा पक्ष घेऊ नये, हे लहानपणी सांभाळणाऱ्याने शिकविले. आपण फार कामात आहोत असे वारंवार कोणास सांगू अथवा लिहू नये, हे दुसऱ्या एकाकडून. आपण महान आहोत, असे या माणसाने, ज्याला ते म्हणण्याचा जगात सर्वांत अधिक अधिकार होता, स्वतःला सांगितलेले त्या टिपणांत आढळत नाही. बहुतेक ठिकाणी तो समर्थांप्रमाणेच मनाला कामाला जुंपताना दिसतो.

त्याच यादीत अलेक्झांडर नावाच्या व्याकरणपंडिताचे एक कलम आहे. बोलताना कोणी अशुद्ध शब्द वापरला तर त्याला टोचून दुरुस्त करू नये, उलट आपल्या उत्तरात तोच शब्द शुद्ध रूपात सहज योजावा, हे त्यांच्यापासून शिकलो, असे सम्राट लिहितो. माझ्या यादीतही मराठीच्या एका मास्तरांचे नाव वरच्या ओळीत आहे. पण त्यांनी वहीच्या समासात तांबड्या शाईने फुल्या मारून, आणि पाठीत धपाटा घालून, बरोबर याच्या उलट शिकविले. माझ्या लेखांतील ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दाखविणारी जी पत्रे दर आठवड्यास माझ्याकडे येतात, ती लिहिणारेही बहुधा त्या मास्तरांचेच विद्यार्थी असावेत.