भुतालाही जात असते!



भयपट पारखायचा कसा? आपली पोरं म्हणतात, किती घाबरवलं ते बघायचं. रिमेक असेल तर मूळ भारी की नवा भारी, एवढाच वाद. कुडव्यात आम्ही 'लपाछपी' आणि 'छोरी' पाठोपाठ पाहिले, तेव्हाही तेच झालं. विशाल फुरिया यांनी २०१७ मध्ये मराठीत केलेला सिनेमा त्यांनीच २०२१ मध्ये हिंदीत केला. पूजा सावंत चांगली की नुसरत भरूचा, यावर रात्रीचे बारा वाजले.

मग आम्ही विचारलं, या सिनेमातला ऊस तोडतं कोण? सगळे गप्प.

दोन्ही सिनेमांत गरोदर बाई उसाच्या रानातल्या घरात अडकते. मुलगी नको म्हणून जीव घेणारं घरच खरं भयंकर, हे सिनेमा ठणकावून सांगतो. त्याबद्दल मान आहेच. पण उसाच्या रानात, बाईच्या पोटावर भयपट रचायचा आणि ऊसतोड बाईला कथेत जागाच नाही? नवरा-बायको मिळून फडात 'एक कोयता' मोजतात. पाळीच्या त्रासाने, दुखण्याने खाडा पडला की पैसे कापले जातात. अशा बीडच्या हजारो बायांची गर्भाशयं काढली गेली, २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. या बाया कोणत्या समाजांतून येतात, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि दिग्दर्शकाला तर तीच गोष्ट सांगायची दुसरी संधी मिळाली होती. भाषा बदलली, नायिका बदलली, फड रिकामाच राहिला. रिमेकचा हिशेब आम्ही इथे मांडतो.

कुणी म्हणेल, भुताखेतांत जात कशाला आणता? अहो, आणली कुणी? मुंज झालेला पोर लग्नाआधी मेला की मुंजा होतो. ब्रह्मराक्षसाच्या तर नावातच वर्ण आहे. मेल्यावरही ज्यांनी वर्ण सोडला नाही, ते आम्हाला जात विसरायला सांगतात! 'सैराट'चा २०१८ मध्ये 'धडक' झाला, तेव्हाही जात अशीच पाणी घालून पातळ केली. मारेकरी राहिले, ते कशासाठी मारतात हे धूसर झालं.

आपल्याला भीती म्हणजे काय हे पडद्यावरून कळलेलं नाही. खैरलांजी आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यातली. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबावर चालून आले ते गावातलेच लोक होते. करणीच्या संशयावरून बाईला झोडपणारेही हाडामांसाचेच असतात, म्हणून तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. दारामागून दचकवणारं भूत आम्हाला चालतं, मजाही येते. पण त्याच्याआड खरा गुन्हेगार लपवला की गुण कापायचेच.

पुढच्या बैठकीला 'तुंबाड' लावतो आहोत. ब्राह्मण घराण्याची हाव, जुना वाडा, पुरलेलं सोनं. त्या वाड्याबाहेरचं गाव कुठे गेलं, हे यावेळी आम्ही विचारणार नाही. बघू, पोरांपैकी कोण विचारतं.