यमन कुठल्याही फोनवर ऐकू यावा

प्रति,
कुलगुरू,
भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय,
कैसरबाग, लखनौ



पंडित विष्णू नारायण भातखंडे मुंबईच्या वाळकेश्वरचे, पेशाने वकील. त्यांच्या पुढाकाराने १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज उभे राहिले, तेच आजचे आपले विश्वविद्यालय. घराण्यांनी पोटाशी धरलेल्या बंदिशी त्यांनी सहा भागांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी; मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. छापखान्याला जमणारी, विद्यार्थ्याला कळणारी लिपी. मींडेतले बारकावे तिच्यात सगळे मावत नाहीत हे खरे, पण पुस्तक कुठेही उघडा, बंदिश वाचता येते.

विश्वविद्यालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने तालमी आणि मैफली संकेतस्थळावर चढवायच्या झाल्या, तर प्रश्न पुन्हा लिपीचाच आहे, या वेळी व्हिडिओच्या.

भातखंडे आणि विष्णू दिगंबर पलुस्कर, दोन विष्णूंच्या दोन लिपी होत्या. वेबवरच्या व्हिडिओत भांडणे त्याहून जास्त. आधी बहुतेक सगळे व्हिडिओ ॲडोबीच्या फ्लॅशवर चालत. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी चक्क खुले पत्र लिहून आयफोनवर फ्लॅश का नाही ते सांगितले. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅशचा आधारच काढून घेतला आणि त्यावर बेतलेली पाने मुकी झाली. एचटीएमएल ५ ने व्हिडिओला स्वतःचा टॅग दिला, पण आत कोणते कोडेक, म्हणजे चित्र-आवाज दाबून साठवण्याची कोणती पद्धत, असावे यावर कंपन्यांचे जमेना. ॲपल एच.२६४ ला धरून बसले, मोझिलाला त्याची पेटंटे खुपत होती, गूगलने २०१० मध्ये वेबएम आणले.

एवढे होऊन आजही सगळ्यांत बिनघोर वाट जुनीच आहे: एमपी४ फाइल, आत एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज. गोंधळ होतो तो चित्रण फोनवर केले की. २०१७ पासून आयफोन एचईव्हीसी या वेगळ्या कोडेकात चित्रण करू लागले. ती फाइल तशीच चढवली तर एखाद्या ब्राउझरात आवाज येतो, पडदा मात्र काळा. शिवाय फाइलमधली अनुक्रमणिका शेवटी राहिली तर व्हिडिओ सुरू व्हायला वेळ लागतो; रूपांतर करतानाच ती पुढे आणता येते. आयफोनसाठी टॅगमध्ये ‘प्लेजइनलाइन’ लिहावे लागते. नाही लिहिले, तर व्हिडिओ अख्खा पडदा व्यापतो आणि शेजारी स्वरलिपी मांडली असेल, तर ती गडप.

पान उघडताच व्हिडिओ आपोआप सुरू करण्याचा मोह मात्र नको. फोनचे ब्राउझर आपोआप सुरू होणारा व्हिडिओ सहसा मुका असेल तरच चालू देतात. गुरुजींचे ओठ हलताहेत आणि यमन ऐकू येत नाही, हे आपल्या संस्थेला कसे शोभावे?

मूळ चित्रण कोठारात जपावे, वेबवर हलकी प्रत ठेवावी. ती चढवण्याआधी वसतिगृहातल्या मुलांच्या हाती द्यावी. तडा गेलेला पाच वर्षांचा अँड्रॉइड, कुणाचा तरी आयफोन, तोही वायफायवर नव्हे, मोबाइल डेटावर. जिथे अडेल, तिथेच दुरुस्ती पुन्हा तपासून पाहावी.



एक मराठी श्रोता