पीएस सिक्स कधी येणार? आधी डिस्कचं विचारा

आमच्या हिंगोली जिल्ह्यात घरोघरी प्लेस्टेशन आहे असं कुणी समजू नये. इथली बहुतेक पोरं मोबाइलवरच खेळतात. तरीही 'पीएस सिक्स कधी येणार?' हा प्रश्न नववी-दहावीच्या मुलांत परीक्षेच्या वेळापत्रकापेक्षा जास्त रंगतो. यूट्यूबवर कुणीतरी नवी तारीख सांगतो आणि दुसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत पक्की बातमी होऊन फिरते. मोठी माणसं याला रिकामा उद्योग म्हणतात. मला तसं वाटत नाही. पन्नास हजारांची वस्तू आज घ्यावी की थांबावं, हा प्रश्न वसमतच्या मोंढ्यात हळद आज विकावी की ठेवावी, या प्रश्नाचाच भाऊ आहे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. अंदाज, अफवा, तारीख हे तिन्ही शब्द या दोन्ही भाषांत आहेत. अंदाज फारसीतून आला, अफवा आणि तारीख अरबीतून. अरबीत 'अफवाह' म्हणजे तोंडं. बोलणारी तोंडं पुष्कळ, जबाबदार एकही नाही. अंदाजामागे मात्र हिशेब असतो आणि तो दुसऱ्याला तपासता येतो.

तो हिशेब करून पाहू. पहिलं प्लेस्टेशन जपानमध्ये डिसेंबर १९९४ मध्ये आलं. दुसरं मार्च २००० मध्ये, तिसरं नोव्हेंबर २००६ मध्ये, चौथं नोव्हेंबर २०१३ मध्ये आणि पाचवं नोव्हेंबर २०२० मध्ये. म्हणजे अंतर आधी सव्वापाच वर्षांचं, मग पावणेसातच्या आसपास, मग सात आणि पुन्हा सात. नोव्हेंबरच का? अमेरिका-युरोपात नाताळची खरेदी तेव्हा सुरू होते. आपल्याकडचा कापड दुकानदार ईद-दिवाळीच्या आधी माल भरतो, तसंच हे. या चालीने पुढचा आकडा नोव्हेंबर २०२७ येतो.

याला जोड म्हणून एक कागदही आहे. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ही गेम कंपनी विकत घेतली, त्यावरून अमेरिकेत खटला चालला. त्या खटल्यातली कंपनीची अंतर्गत कागदपत्रं सप्टेंबर २०२३ मध्ये बाहेर आली. त्यात नव्या एक्सबॉक्ससाठी २०२८ साल धरलेलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेस्टेशनचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी एएमडी कंपनीसोबतच्या नव्या चिपांच्या कामाची माहिती दिली. ते तंत्र काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये आणायची इच्छा त्यांनी बोलून दाखवली. वर्ष सांगितलं नाही. त्यानंतर एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांची मागणी इतकी वाढवली की त्यांचे भाव भडकले. चिप महाग असताना कोणती कंपनी घाईने नवं यंत्र काढील? म्हणून माझा अंदाज असा की लवकरात लवकर २०२७ चा शेवट, पण २०२८ जास्त शक्य. हे लिहीपर्यंत सोनीने कोणतीही तारीख जाहीर केलेली नाही.

समजा, ती तारीख उद्या जाहीर झाली. ती आपली असेल का? पीएस फोर जगात नोव्हेंबर २०१३ मध्ये आलं, भारतात जानेवारी २०१४ मध्ये. पीएस फाइव्ह जगात नोव्हेंबर २०२० मध्ये, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. पीएस फाइव्ह प्रो तर नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर आलं तेव्हा भारताला वगळलंच गेलं. त्यातल्या वायफायला लागणाऱ्या सहा गिगाहर्ट्‌झच्या लहरींना आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती.

उशिराचं मला फारसं दुःख नाही. आपल्या घरांना उशिराची सवय आहे आणि आजवर तो फायद्याचाही होता. पीएस टू २००० साली अमेरिकेत २९९ डॉलरला निघालं आणि २००९ पर्यंत ९९ डॉलरवर उतरलं. २०१३ साली, म्हणजे पीएस फोर बाजारात येत असतानाही, पीएस टूसाठी नवा फिफा निघाला होता. थांबणाऱ्याला स्वस्तात यंत्र मिळायचं आणि वर खेळांचा खजिना.

तो नियम आता मोडला आहे. पीएस फाइव्हची डिस्कवाली आवृत्ती भारतात ४९,९९० रुपयांना आली आणि पुढे ५४,९९० झाली. बिनडिस्कची ३९,९९० ची ४४,९९० झाली. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये दर वाढले. यंत्र जुनं होतंय आणि महागही होतंय. आपल्याकडच्या अनेक घरांत व्याज नको म्हणून हप्त्यावर वस्तू घेत नाहीत. तिथला मुलगा दोन-तीन वर्षांची ईदी आणि सुट्टीतल्या कामाचे पैसे जमवतो. त्याचे पाच हजार जमेपर्यंत किंमत पाच हजारांनी पुढे सरकलेली असते.

अशा मुलाला आधार कसला? डिस्कचा. डिस्क हातात असली की ती मित्राला देता येते, अदलाबदल करता येते, खेळून झाली की अर्ध्या किमतीला विकता येते. दहावी झालेल्याची गाइडं नववीतून वर आलेला घेतो, तसंच हे चालतं. जुन्या पीएस फोरच्या बहुतेक सगळ्या डिस्का पीएस फाइव्हवर चालतात, त्यामुळे मोठ्या भावाचं भांडार धाकट्याला मिळतं. बिनडिस्कच्या यंत्रात मात्र प्रत्येक खेळ कंपनीच्याच दुकानातून, कंपनीच्याच भावाने घ्यावा लागतो, आणि तो तुमच्या खात्याला बांधलेला राहतो. तिथे उसनं देणं नाही, विकणंही नाही. पीएस फाइव्ह प्रोमध्ये डिस्कची सोय आत दिलेलीच नाही. ती वेगळी विकत घ्यावी लागते. वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते यावरून दिसतं.

श्रीमंताला याने फार फरक पडत नाही. त्याला डिस्क बदलायला उठावं लागत नाही एवढीच सोय. फरक कळमनुरीच्या किंवा सेनगावच्या त्या मुलाला पडतो, ज्याच्याकडे चार खेळांचे पैसे नाहीत पण चार मित्र आहेत. त्याच्यासाठी पुढची पिढी २०२७ ला आली काय आणि २०२८ ला आली काय, ती डिस्कशिवाय आली तर त्याच्यापर्यंत पोचणारच नाही.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या अब्बा-अम्मींना एवढंच सुचवतो. यूट्यूबवरची तारीख ऐकून हातातलं यंत्र मातीमोल भावाने विकू नका, आणि 'नवं आलं की जुनं स्वस्त होईल' या भरवशावरही फार बसू नका. पैसे जमले असतील आणि घरखर्चाला धक्का लागत नसेल तर आज घ्या, डिस्कवालं घ्या. नवं यंत्र जाहीर होईल त्या दिवशी तारखेच्या आधी तीन गोष्टी वाचा : भारतातली किंमत किती, डिस्क चालते का, आणि जुने खेळ चालतात का. ही तीन उत्तरं मिळेपर्यंत तारीख पाठ करण्यात काही हशील नाही.